डाव्या बाजूची क्रेन

माझ्या बायकोच्या आत्या शिरवण्यात राहत आहेत तोवर नवी मुंबईत कुठलीही चूक सुखाने नांदू शकणार नाही. सोसायटीच्या फलकावरची नोटीस असो, दवाखान्यातला डॉक्टरांच्या वेळांचा तक्ता असो, मिठाईवाल्याची पाटी असो की कुणाच्या दारातली रांगोळी, चूक कुठेही दबा धरून बसलेली असली तरी आत्या तिथून जाणार, थबकणार, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवणार आणि अगदी हळू आवाजात विचारणार, "कोनी केला हा?" तो हळू आवाज हीच खरी भीतीची गोष्ट आहे. ओरडणाऱ्या माणसाला निदान आपण ओरडून उत्तर देऊ शकतो. आत्या शांतपणे उभ्या राहतात आणि चुकीचा मालक समोर येईपर्यंत हलत नाहीत. एकदा एका मॉलमध्ये 'तुम्ही इथे आहात' असं दाखवणाऱ्या नकाशासमोर त्या पाऊण तास उभ्या होत्या, कारण त्यांच्या मते त्या तिथे नव्हत्या. मी आणि बायको तेवढ्यात जेवून आलो.

आमची पहिली भेटही अशीच झाली. लग्नपत्रिका छापून आल्या होत्या आणि मी साखरपुड्यानंतर प्रथमच सासुरवाडीला गेलो होतो. आत्यांनी पत्रिका हातात घेतली, मजकुराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ती उलटी केली आणि मागे छापलेल्या हॉलच्या नकाशावर बोट ठेवलं. नकाशात रेल्वेचे रूळ हॉलच्या ज्या बाजूला दाखवले होते त्या बाजूला ते नव्हते. "ह्या नकाशावर निघालेला मानूस खाडीत जाईल," त्या म्हणाल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी एकेका पत्रिकेवर लाल पेन्सिलीने रूळ दुरुस्त केले आणि खाली 'तपासले' असं लिहून सही आणि तारीख टाकली. आमच्या कराडकडच्या मंडळींना ही त्यांच्याकडची काहीतरी शुभ खूण वाटली. माझ्या एका काकांनी तर ती पत्रिका देवापुढे ठेवली आणि लाल खुणेला हळद लावली. हे कळल्यावर आत्या काकांवर चिडल्या, कारण हळदीमुळे रूळ पुसले गेले होते.

ह्या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. आत्या म्हणजे ह्या घराण्यातली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. वडिलांची भातशेती होती, खाडीकाठी मिठागर होतं, दोन्ही गेलं, आणि भाऊ अजून शाळेत होते. तेव्हा आत्या मुंबईतल्या एका खासगी गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागल्या. ती गोदीही आता राहिलेली नाही. ट्रेसर म्हणजे काय हे मला लग्नानंतर तीन-चार वेळा समजावून सांगण्यात आलं. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने जहाजाचा नकाशा काढणार, ट्रेसर त्यावर पारदर्शक कापड किंवा कागद पसरून तो शाईने गिरवणार, चेकर तो तपासून सही करणार, आणि मग त्याच्या निळ्या प्रती निघून कारखान्यात जाणार. कारखान्यातला माणूस पेन्सिलीचा मूळ कागद कधी बघतच नाही, तो बघतो ट्रेसरची रेघ. "म्हंजे लोखंड कापला जातो तो आमच्या हातानं," आत्या म्हणायच्या. लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ शिकले, जमिनीवर इमारत उभी राहिली, भाडेकरू आले, आणि आत्या त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, भाकरीसुद्धा उजेडाकडे धरून तिची गोलाई बघत, निवृत्तीचं आयुष्य जगू लागल्या.

आता माझ्या पापाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आत्या जुईनगर स्टेशनच्या जिन्यावरून पडल्या. उतरता उतरता मागे वळून एक पाटी पुन्हा वाचत होत्या. उजवं मनगट मोडलं, आणि वर पाटीत काहीही चूक नव्हती, ह्याचं त्यांना मनगटापेक्षा जास्त दुःख झालं. प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं की बोटं हलती ठेवा, संगणकावर एखादा खेळ खेळत जा. मी मोठ्या उत्साहाने माझा जुना संगणक शिरवण्याला नेऊन बसवला. माझ्या ओळखीचा खेळ एकच होता. त्यात जगातल्या जुन्या युद्धनौका समुद्रात सोडायच्या, सात-आठ जणांनी एका बाजूला व्हायचं आणि पलीकडच्या सात-आठ जणांवर तोफा डागायच्या. माझा अंदाज असा होता की आत्या दोन दिवस खेळतील, तिसऱ्या दिवशी कंटाळतील आणि चौथ्या दिवसापासून भाजी चिरताना बोटं हलवतील. माणसाला आपल्या बायकोच्या माहेरची माणसं कधीच पुरती कळत नाहीत.

आत्या खेळल्या, पण त्याला खेळणं म्हणायचं का हा प्रश्न आहे. त्यांनी पहिले तीन महिने एकही तोफ डागली नाही. लढाई सुरू झाली की सगळे पुढे धावायचे आणि आत्या आपलं जहाज घेऊन आपल्याच बाजूच्या जहाजांभोवती गोल फिरायच्या, धुरांडी बघायच्या, नांगराच्या साखळ्या बघायच्या. एकदा तर शत्रूच्या जहाजाचं मागचं रडार नीट दिसेना म्हणून त्या तोफांच्या माऱ्यातून सरळ त्याच्या कुशीत गेल्या. शत्रूला वाटलं ही काहीतरी भयंकर चाल आहे, म्हणून तो मागे सरकला आणि आत्यांची बाजू जिंकली. जोडीदारांनी इंग्रजीत खूप अपशब्द वापरले होते. मी ते त्यांना वाचून दाखवले नाहीत, नुसतं चिडलेत म्हणून सांगितलं. "तरुन पोरं हायत, घाईत असतात," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांना ती क्रूझर जातीची युद्धनौका सापडली. दुसऱ्या महायुद्धात एका देशाने ती आखली होती. नकाशे पुरे झाले, आणि पोलाद दुसरीकडे लागलं म्हणून वरून हुकूम आला की रद्द. तळाची पट्टीसुद्धा बसली नाही. तिला नाव मिळालं नव्हतं, फक्त आखणीचा क्रमांक होता. गेमवाल्यांनी तिला एका वाऱ्याचं नाव देऊन टाकलं होतं, आणि खाली माहितीत लिहिलं होतं की हे जहाज केवळ कागदावर अस्तित्वात होतं. हे वाक्य मी आत्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आयुष्यभर जी जहाजं पाहिली ती कागदावरच पाहिली होती. गोदीत उभं असलेलं जहाज बघायला जायची त्यांना कधी परवानगी नव्हती, आणि गरजही वाटली नव्हती. खेळातले इतर लोक असल्या जहाजांना 'खोटी जहाजं' म्हणून हिणवतात हे कळल्यावर त्यांनी जेवण अर्धं टाकलं. वाऱ्याचं ते नाव तर त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. तिला त्या 'रद्दवाली' म्हणायच्या, आणि ते अशा मायेने म्हणायच्या की माझ्या सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की इमारतीतल्या एखाद्या भाडेकरणीविषयी बोलणं चाललंय.

रद्दवालीच्या पाठीवर एक क्रेन होती. अशा क्रूझरवर छोटं विमान असायचं, ते टेहळणी करून पाण्यात उतरायचं आणि क्रेनने त्याला उचलून पुन्हा डेकवर घ्यायचं. गेममध्ये ही क्रेन जहाजाच्या उजव्या बाजूला होती. एका रविवारी सकाळी आत्यांचा फोन आला. ताबडतोब या, एवढंच म्हणाल्या. मी सीवूड्सहून रिक्षा करून गेलो. बायकोने वाटेतच भावाला फोन करून दवाखान्याची चौकशी करून ठेवली होती. तिथे पोचतो तर आत्या टेबलाशी बसलेल्या, समोर बटर पेपरचा तुकडा.

"जावई, जहाजाचा तोंड कुठं हाय?" त्यांनी संगणकाकडे बोट दाखवलं. रद्दवालीच्या माहितीत मूळ नकाशाचा फोटो होता, डेकचा, वरून पाहिल्यासारखा. मी म्हटलं, तोंड डावीकडे आहे. "कुठल्या ऑफिसात?" त्यांनी विचारलं. मला काही समजलं नाही. मग त्यांनी मला जे शिकवलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, कारण त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. जहाजाच्या नकाशात जहाजाचं तोंड उजवीकडे असतं. तो रिवाज आहे. तोंड डावीकडे दिसलं तर जहाज फिरलेलं नाही, कापड उलटं पडलेलं आहे. पारदर्शक कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. त्यांनी बटर पेपरवर एक होडी काढली, तोंड उजवीकडे, आणि वरच्या अंगाला हुकासारखा एक आकडा काढून क्रेन दाखवली. मला विचारलं, ही होडीच्या कुठल्या बाजूला आली? मी मान वाकडी करून, मनातल्या मनात होडीत बसून सांगितलं, डाव्या. त्यांनी कागद पान उलटावं तसा उलटला. तोंड डावीकडे गेलं, आकडा वरच राहिला, आणि आता होडीत बसलो तर क्रेन माझ्या उजव्या हाताला होती. अक्षरं उलटी दिसली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं, पण अक्षरं सगळी बाजूच्या पट्टीत असावीत आणि ती पट्टी फोटोत आलीच नव्हती. गेम बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी उलट्या कापडावरून अख्खी क्रूझर बांधून काढली होती. "कोनी केला हा?" आत्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला युद्ध म्हणायला हरकत नाही. गेमचा एक फोरम होता, खेळाडू तिथे तक्रारी लिहितात, कंपनीची माणसं उत्तरं देतात. आत्यांनी स्वतः लिहायचं ठरवलं. इंग्रजी त्यांना नोकरीपुरतं येतं, पण ट्रेसरने नकाशावर लिहायचं ते मोठ्या छापील अक्षरांत, असा त्यांचा तीस वर्षांचा हात. त्यांनी पूर्ण पत्र मोठ्या अक्षरांत टाइप केलं, मुद्द्यांना क्रमांक घातले, खाली सही आणि तारीख. आता इंटरनेटवर मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं, हे त्यांना कोण सांगणार? लोकांना वाटलं कोणी माथेफिरू क्रेनच्या नावाने किंचाळतोय. फोरमच्या व्यवस्थापकाने आरडाओरड केल्याबद्दल त्यांना सात दिवस बंदी घातली. आत्यांवर, ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही! आठव्या दिवशी त्यांनी पुन्हा लिहिलं, आणि अक्षरं अधिक मोठी केली, कारण त्यांच्या मते आधीचं पत्र नीट वाचता आलं नसावं.

मला ह्या कंपनीचा मनापासून संताप आला, अजूनही येतो. एक बाई हातातल्या कामाचं ज्ञान फुकट देते आहे, आणि तुम्ही तिला बंदी घालता? दोन महिन्यांनी उत्तर आलं तेही कसं, तर गुळगुळीत. आपल्या उत्साहाबद्दल आभार. मात्र हे जहाज प्रत्यक्षात कधी बांधलंच गेलं नसल्यामुळे क्रेन कोणत्या बाजूला बरोबर, हा प्रश्न उद्भवत नाही. मी हे वाचून दाखवलं आणि उठून गॅलरीत गेलो, कारण मला वाटलं आत्या रडतील. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ कापलेल्या सुपारीसारखं ते वाक्य त्या तोंडात घोळवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बांधला असता तर कोनीपन जाऊन बघला असता. नाय बांधला, म्हनून तर कागद बरोबर पायजे. असल्या जहाजाकडं दुसरा हाय काय?"

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत करून फोरमवर टाकलं, लहान अक्षरांत. आणि काय झालं कुणास ठाऊक, वारं फिरलं. जहाजांच्या नकाशांत जन्म घालवलेले दोन-चार परदेशी म्हातारे कुठूनतरी उगवले आणि म्हणाले, बाई बरोबर सांगतायत, तोंड उजवीकडेच असतं. एकाने त्याच देशाचे दुसरे नकाशे आणून दाखवले. पाठोपाठ तरुण पोरं आली, त्यांना क्रेनशी घेणंदेणं नव्हतं, कंपनीशी भांडायला निमित्त हवं होतं. बघता बघता शेकडो लोक एकच प्रश्न विचारू लागले, जो आत्या पहिल्या दिवसापासून विचारत होत्या, की हे कुणी केलं. नाव सांगा. शेवटी कंपनीने जाहीर केलं की आम्ही आतमध्ये चौकशी करत आहोत आणि जबाबदारी निश्चित करू. त्या संध्याकाळी शिरवण्याच्या घरी कोलंबीचा बेत झाला. आत्यांनी स्वतः वाढलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. माझी बायको म्हणाली, आत्या, आता त्या माणसाची काही खैर नाही. आत्या म्हणाल्या, नसायलाच पायजे.

पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. फोरमवर नाही, आत्यांच्या खासगी खात्यावर. मी ऑफिसातून परस्पर शिरवण्याला गेलो आणि वाचून दाखवलं. लिहिणारी एक मुलगी होती, त्या कंपनीत नवी लागलेली, अजून कायम न झालेली. रद्दवाली तिने बनवली होती. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं जहाज. संग्रहालयातून आलेला फोटो तिने लावला, तोंड कुठे असतं हे तिला माहीत नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. तपासणाऱ्यांनीही पाहिलं नाही. आता चौकशीत चूक सिद्ध झाली तर तिला घरी पाठवतील. 'तुमचं म्हणणं पहिल्या दिवशी वाचलं तेव्हाच मला कळलं की तुम्ही बरोबर आहात. मी रात्री झोपत नाही. पुढच्या आवृत्तीत मी इतर दुरुस्त्यांबरोबर क्रेन डावीकडे घेऊ शकते, पण त्याआधी हा गोंगाट थांबायला हवा. तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही. फक्त काही दिवस लिहू नका.' एवढंच होतं, आणि खाली तिचं नाव. मी वाचून संपवलं आणि म्हटलं, हिने आधीच कबूल केलं असतं तर. आत्यांनी तो मजकूर पुन्हा वाचायला सांगितला, मग म्हणाल्या, जावई, उशीर झाला, तुमी जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोरम उघडला आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. आत्यांनी लिहिलं होतं. मोठ्या अक्षरांत, क्रमांक घालून. एक, आपण क्रेनबद्दल केलेली तक्रार चुकीची होती. दोन, नकाशा वाचण्यात चूक आपली झाली, आपलं वय झालं आहे. तीन, कंपनीच्या कुणाचीही चूक नाही, चौकशी बंद करावी. खाली सही आणि तारीख. आणि त्याखाली जग तुटून पडलं होतं. एकाने लिहिलं होतं, आजीबाई, आता विणकाम करा. एकाने आत्यांच्या जुन्या पत्रांची गंमत म्हणून उलटी अक्षरं करून चित्रं बनवली होती. ज्या परदेशी म्हाताऱ्यांनी त्यांची बाजू घेतली होती ते दुखावले होते, आणि त्यांतला एक म्हणत होता की नकाशा वाचता न येणाऱ्याने आमचा वेळ घेऊ नये. माझं डोकं सणकलं. मी तिथल्या तिथे खरं काय ते सगळं लिहायला घेतलं, त्या मुलीच्या पत्रासकट. अर्ध्यात थांबलो आणि रिक्षा पकडली.

आत्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुका जवळा निवडत होत्या. मी जाताच सुरू झालो. तुम्ही बरोबर होतात, मी बटर पेपरवर पाहिलंय, शेकडो लोकांनी पाहिलंय. तुम्हाला फक्त गप्प बसायला सांगितलं होतं, चूक अंगावर घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका सोडल्या नाहीत तुम्ही, आणि इथे? मी बराच वेळ बोललो असणार, कारण मधे त्यांनी मला पाणी दिलं. मग त्या पुन्हा खाली बसल्या.

"मी गप बसले असते तर चौकशी चालूच राहिली असती," त्या म्हणाल्या. "चूक कोनाच्यातरी नावावर गेल्याशिवाय चौकशी संपत नाय."

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आत्यांकडे एका छोट्या लाँचच्या डेकचा नकाशा गिरवायला आला होता. मूळ कागद आधीच एक पारदर्शक प्रत होती, ती टेबलावर पालथी पडली होती, आणि आत्यांनी ती तशीच गिरवली. अक्षरं मागाहून लिहायची असत, ती त्यांनी सुलटी लिहिली. तोंड डावीकडे आलं होतं, पण तोंड कुठे असतं हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. घाईचं काम होतं, नकाशे तपासणाऱ्या हेडसाहेबांनी न बघता सही केली. कारखान्यात शिडीचे लोखंडी आधार उलट्या बाजूला बसले, तोडावे लागले, मोठे साहेब खाली आले. आत्या टेबलाशी उभ्या होत्या. मिठागर गेलं होतं, घरात एकट्या त्यांचा पगार येत होता. हेडसाहेब म्हणाले, तपासून सही मी केली आहे, चूक माझी. त्यांची बढती त्या साली होणार होती. ती त्या साली झाली नाही, पुढेही झाली नाही, आणि ते त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आत्यांना नवा नकाशा दिला आणि म्हणाले, आधी तोंड बघ. ह्याशिवाय एक शब्द नाही.

"माझ्या तोंडातून तेवा काय निघालाच नाय," आत्या म्हणाल्या. "नंतर सांगीन, नंतर सांगीन करत ऱ्हायले. ते निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेले. कुलूप होता. शेजारचे बोलले, गेल्या महिन्यात वारले."

मी खाली बसलो आणि जवळा निवडू लागलो. मला तो निवडता येत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असणार, पण त्यांनी माझा ढीग तसाच आपल्या ढिगात ओढून घेतला. मी फोरमवरचं अर्धवट लिहिलेलं घरी जाऊन पुसून टाकलं. ते पुसताना मला त्या सगळ्या टवाळखोरांचा जो राग आला तो आजही गेलेला नाही. ही बाई बरोबर होती, एवढं मला कुठेतरी लिहायचं होतं. म्हणून हे लिहितो आहे, आणि म्हणून ह्यात कुणाचंही नाव नाही.

दोन महिन्यांनी गेमची नवी आवृत्ती आली. दुरुस्त्यांच्या लांबलचक यादीत क्रेनचा उल्लेख नव्हता. पण रद्दवाली बंदरात उभी होती आणि तिची क्रेन डाव्या बाजूला होती. फोरमवर कुणाच्याही लक्षात आलं नाही, ते तोवर दुसऱ्या कशावरून तरी भांडत होते. त्या मुलीचं आत्यांना पुन्हा पत्र आलं, लांब, आभारांचं. आत्यांनी एका ओळीत, मोठ्या अक्षरांत उत्तर पाठवलं की पुढच्या वेळी आधी तोंड कुठे आहे ते बघ.

मनगट आता बरं आहे, पूर्ण वळत नाही, पण भाकरी थापता येते. आत्या लढाईत उतरत नाहीत, रद्दवालीलाही बाहेर काढत नाहीत. तरी संगणक मी परत आणलेला नाही, कारण दर नवी आवृत्ती आली की त्या तो सुरू करायला लावतात. गेल्या रविवारी मी तिथेच होतो. त्यांनी एका कोपऱ्यातलं बटण दाबलं आणि गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली. शेकडो नावं, अगदी सावकाश. मी म्हटलं, आत्या, हे भरभर पळवता येतं. त्या म्हणाल्या, नको, नाव निसटेल. चष्मा नाकावर, बोट काचेपाशी, चहा निवत चाललेला. पंधरा मिनिटांनी ते नाव आलं. आत्यांनी त्याच्यावर बोट टेकवलं आणि ते बोटाखालून वर सरकून दिसेनासं होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "कामावर हाय अजून."